जिभेला लागलेलं ओपल

४ मार्च, कूबर पीडी
आले बाई एकदाची! म्युझियमची गाडी, म्युझियमचा पगार, आणि पहिलीच कामगिरी केवढी! कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री सरड्याचा, हाडादातांचं रंगीत ओपल रत्न झालेला तो गाजलेला जबडा ॲडलेडच्या म्युझियमात न्यायचा. सहावा महिना चालू आहे, पण मी इथल्याच ओपल-खाणवाल्याची लेक, धुळीला काय घाबरणार?

ज्याला जबडा सापडला तो म्हातारा झ्डेन्को माझ्या बाबांचा दोस्त. पोटाकडे बघून म्हणाला, "मिलेना, तुझ्या बापासारखा ढेरपोट्या होणार गं हा!" तो खोकं आणायला आत गेला तेवढ्यात मी जबड्यावरची घोंगडी उलगडून त्याचा एक दात चाटला. ओपल ओला केल्याशिवाय रंग दिसत नाही. आमच्याकडे सगळेच चाटतात. परत आल्यावर त्यानं दोनदा विचारलं, जीभ लावलीस का. मी नाही म्हटलं. म्युझियमची बाई दगड चाटते म्हटल्यावर गावभर टिंगल झाली असती.

५ मार्च, ॲडलेड
दिवसभर गाडी हाकली. जबड्याची नोंद झाली, संचालकांनी केक आणला होता. खाताना चमच्यावर दाढ कणकन वाजली. आरशात पाहिलं तर दाढेत हिरवी-लाल ठिणगी. सुंदर होती, खोटं कशाला बोलू.

८ मार्च
आता सगळे दात. झ्डेन्कोला फोन करून खरं सांगितलं. तो रडायला लागला. त्याचा भागीदार ल्युबो यानंही जबडा चाटला होता. आधी दात, मग हाडं, मग कातडी. नऊ दिवसांत संपला. झ्डेन्कोनं त्याला खाणीतच ठेवून खाणीचं तोंड बुजवलं. मी फक्त बाळाचं विचारलं. म्हणाला, "अगं, तुझ्याच हाडांतून घेतंय ते! काढ त्याला बाहेर, आजच काढ!"

१० मार्च, हॉस्पिटल
गुडघे वाकत नाहीत. बाळाचे ठोके नीट आहेत. डॉक्टरांच्या विनवण्या केल्या, माझं काहीही होवो, आत्ता कापा. ते म्हणतात, इतक्या लवकर नको, उद्या बघू. उद्या नाही हो, आज—

१२ मार्च
काल कापायला घेतलं. पोटावर पातं मोडलं. दुसरं आणलं, तेही—

संचालक फुलं घेऊन आले. सोबत मापाची फीत घेतलेला, म्युझियमच्या काचपेट्या बनवणारा माणूस. मला मापलं. म्हणाले, काळजी नको, तडा जाऊ देणार नाही. ओरडायचं होतं, जबडा उघडेना.

१३ मार्च
बाळ दोन दिवस हललं नाही. एकदा लाथ मार रे सोन्या. मी दगड झाले तरी चालेल, पण तू—

मारली! आहे, जिवंत आहे—

पण वाजली. आतून. काचेवर काच आपटावी तशी—

पुन्हा नको मारूस, राजा, तडा जाई—