दोष माइकचाच

५ मे, रविवार
लेकीचा व्हिडिओ कॉल. ती सारखी म्हणत होती, बाबा, आवाज येत नाही. लॅपटॉपचा माइक बाद झालाय, हे मी तिला खुणेनं समजावलं. ही गेल्यापासून घरातली यंत्रं एकेक करून दगा देताहेत. नातीला गोष्ट हवी होती. दर रविवारी आजी सांगायची. तिच्या गोष्टीतलं कासव समुद्र बघायला निघालं होतं, ते वाटेतच राहिलं. लेक म्हणाली, नुसतं बघत बसायचं तर कॉल बंद करू या, तुम्हालाही त्रास.
कॉल बंद होणार नाही. नवा माइक आणणार. स्वस्त, पण चांगला. कासव मी पोचवणार.

७ मे, मंगळवार
शर्टाला लावायचा माइक आणला. दुकानदार म्हणाला, काका, महागडा कशाला, रेकॉर्डिंगला आणि चॅटला हा भरपूर झाला. घरी रेकॉर्डिंग करून ऐकलं. पंख्याची घरघर, बाकी शून्य. फालतू माल.

८ मे
परत करायला गेलो. दुकानदारानं त्यातच हॅलो हॅलो केलं, खणखणीत आलं. दुकानात सगळंच चालतं! भांडून हेडफोनवाला माइक बदलून घेतला. म्हणजे, डबा काउंटरवर ठेवून उभा राहिलो. याची दांडी थेट तोंडासमोर येते. आता सुटका नाही. आवाजाची.

११ मे, शनिवार
हिचा धाकटा भाऊ आला. माझ्या डोक्यावरचा हेडफोन बघून म्हणाला, भावोजी, विमान कुठं उतरवताय? दुर्लक्ष केलं. मग म्हणे, पोट तुमचं दुखायचं आणि कुठं दुखतंय ते डॉक्टरांना ताई सांगायची.
तिला नीट सांगता यायचं, म्हणून. त्याचा माइकशी काय संबंध?

१२ मे, रविवार
पुन्हा तेच. लेक म्हणाली, बाबा, कुकरची शिट्टी ऐकू आली, शेजारचं दार आपटलेलं ऐकू आलं, तुमचंच काही येत नाही. म्हणजे हा माइक जगाचा आवाज ओढतो आणि माणसाचा गाळतो. पुढच्या वेळीही जमलं नाही तर रविवारी नातीला पोहण्याच्या क्लासला घालणार आहे, म्हणाली.
क्लास! बघतोच.

१४ मे
टेबलावर ठेवायचा, स्टँडवाला माइक आणला. दुकानदार हल्ली काही विचारत नाही, मुकाट्यानं पुढचा डबा काढतो. शेजारच्या, हिच्या खुर्चीवरची कपड्यांची रास उचलली. कॅमेऱ्यात दिसत होती, एवढंच कारण.

१८ मे
रंगीत तालीम. कासव, टेकडी, पूल, समुद्र. सगळी गोष्ट मनातल्या मनात उत्तम झाली. रेकॉर्डिंगमध्ये काही आलं नाही, पण तालमीला तेवढं चालतं.

१९ मे, रविवार
माइकचा दिवा लागला. नात म्हणाली, आजोबा, कासवाचं पुढे काय झालं? मी घसा साफ केला आणि बोललो. स्पष्ट, मोठ्यानं. थांब हं, आजीला देतो, असं म्हणालो आणि लॅपटॉप रिकाम्या खुर्चीकडे वळवला.
तिकडे लेकीनं तोंडावर हात धरला. मग नात म्हणाली, आजोबा, आता मस्त आवाज येतोय, सांगा ना.
माइक चांगला निघाला. परत करायला आता काही कारण उरलं नाही.