जाड काच पाठवल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
रस्ते व पूल विभाग.

विषय : नवा पूल होईपर्यंत जुना दुरुस्त करण्याबाबत, व तो आज सकाळी मी बंद केल्याबाबत.
संदर्भ : माझे सहा अर्ज, आपले एक उत्तर.

महोदय,

१. मी जुन्या पुलाचा पहारेकरी असून सेवेस एकोणीस वर्षे झाली. तिसऱ्या खांबाच्या भेगेवर विभागाने काचेची पट्टी चिकटवली आहे. काच फुटली म्हणजे भेग वाढली, तेव्हा तात्काळ कळवावे, असा लेखी आदेश आहे. काच फुटली. मी कळवले.

२. नवा पूल मंजूर असल्याने जुन्यावर खर्च करता येत नाही, मात्र काच बदलण्यास मंजुरी आहे, असे आपले उत्तर आले. त्यानुसार पाच काचा बदलल्या. पाचही फुटल्या. काचा वारंवार फुटतात याची दखल घेऊन कार्यालयाने जाड काच पाठवली. लहान तोंडी मोठा घास होतो, पण आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच.

३. नव्या पुलास माझा विरोध नाही. तो व्हावा, त्यावर दिवेही असावेत. परंतु त्याची खडी, सळया व सिमेंट याच पुलावरून जाते. काल बावन्न ट्रक गेले.

४. माझी मुलगी याच पुलावरून शाळेची बस नेते. आत एक्केचाळीस मुले असतात. रोज पुलाच्या तोंडाशी थांबून ती विचारते, "बाबा, काच शाबूत आहे ना?" मी हो म्हणतो. फुटलेली काच मी आदल्या संध्याकाळीच बदललेली असे, हे तिला ठाऊक नव्हते. चार महिने मी पोटच्या पोरीला फसवले, याची मला लाज वाटते.

५. आज सहा वाजता जाड काच फुटलेली आढळली. तुकड्यांमधून बोटाचे टोक जाते. दुसरी काच जवळ असूनही लावली नाही. पुलावर बाक आडवा टाकून बसलो. पहिली बस तिचीच आली. तिने विचारले, मी नाही म्हटले. तिने बस मागे घेतली. तेव्हापासून ट्रकांचे हॉर्न थांबलेले नाहीत, आणि कंत्राटदाराच्या माणसाने माझी तक्रार आपल्याकडे केल्याचे मला सुनावले आहे.

६. तरी दुरुस्तीचा आदेश त्वरित व्हावा. माझ्या निलंबनाचा आदेश आधी निघणार असल्यास, तो आणणाऱ्यास कृपया तीस किलोमीटरच्या वळशाने पाठवावे. पूल बंद आहे.

आजचा दिवस वगळता आपला आज्ञाधारक,
(सही)
पहारेकरी, जुना पूल
सोमवार, सकाळी साडेनऊ

सोबत : जाड काचेचा निखळलेला तुकडा (हाताला लागेल, जपावे).