साहेब असल्यासारखं

३ तारीख, सोमवार

आज कंपनीत 'यशस्वी व्हा' शिबिर. सक्तीचं. पंप बनवणाऱ्या कारखान्याने माणसं बनवायला का घ्यावीत, कळत नाही. वक्ता वयाने माझ्यापेक्षा लहान, बूट माझ्यापेक्षा चकचकीत. म्हणाला, ज्या खुर्चीत बसायचंय त्या खुर्चीत आजच असल्यासारखं वागा, खुर्ची आपोआप तुमच्याकडे चालत येईल. सतरा वर्षं मी सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये कारकून आहे. खुर्च्यांना पाय असतात, पण चालताना एकही पाहिली नाही. निव्वळ भंपकपणा.

मुद्दे उतरवून घेतले. कुणी वाद घातला तर हाताशी असावेत.

४, मंगळवार

स्टोअरचे साहेब एकतीसला रिटायर होतायत. जागा एक, माणसं दोन. एक मी, दुसरा शेजारच्या टेबलावरचा. त्याला मी मनात 'पाचचा ठोका' म्हणतो. पाचची घंटा व्हायच्या आत ह्याचा डबा पिशवीत. शिबिरात तर तोंड उघडं टाकून झोपला होता. म्हणजे स्पर्धा नाहीच.

तरी ठरवलं. वक्त्याचं म्हणणं खोटं आहे हे प्रयोगाने सिद्ध करायचं. केवळ त्यासाठी महिनाभर साहेबासारखं वागणार. विश्वास शून्य.

५, बुधवार

कडक इस्त्रीचा शर्ट. नऊची वेळ, सव्वाआठला हजर. साहेबांची सकाळची कामं उरकून ठेवली. साहेब साडेनऊला आले, सगळं पाहिलं आणि पेपर उघडला. हादरलेले दिसले.

घरी हिला प्रयोग समजावला. ही म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. हिला विज्ञानाची आवड पहिल्यापासूनच नाही.

१०, सोमवार

साहेबांनी साठलेली रजा काढली. आता रोज अर्धा दिवस, दुपारी जेवून घरी. जाताना म्हणाले, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे. केबिनची किल्ली दिली. केबिन म्हणजे प्लायवूडच्या तीन भिंती आणि एक हातांची खुर्ची. बसलो. फक्त उंची तपासायला. साडेचारपर्यंत तपासली.

पाचचा ठोका डोकावून म्हणाला, तुझ्या टेबलावरच्या मागणीच्या चिठ्ठ्या कोण करणार? म्हटलं, मीच, सुटल्यावर. म्हणाला, मग तू साहेब कसला, दोन कारकून झालास. अशी माणसं जन्मभर वॉशर मोजत बसतात.

१४, शुक्रवार

घरी यायला साडेसात. लेकीचं शाळेतलं नाटक हुकलं. ती झाड झाली होती. म्हटलं, झाडाला संवाद तरी कुठे असतात? ती काही बोलली नाही. अजून भूमिकेत असावी.

१८, मंगळवार

साहेबासारखं वागायचं तर विचारही साहेबाचे हवेत. मॅनेजरांना अहवाल लिहिला. तीन पानं. निष्कर्ष असा: स्टोअरमध्ये माणसं तीन, काम दोघांचं, एक जागा सहज कमी करता येईल. नाव घातलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार.

लिहून मान वर केली तर पाचचा ठोका माझ्या तुंबलेल्या चिठ्ठ्या करत बसलेला. आठवडाभर करतोय म्हणे, जेवणाच्या सुट्टीत. म्हणाला, चेहरा उतरलाय तुझा, आज लवकर घरी जा. जरा वाईट वाटलं. पण साहेब माणसाने असं हळवं होऊन चालत नाही. अहवाल पाठवला.

२१, शुक्रवार

मॅनेजरांनी बोलावून पाठ थोपटली. खरोखरची, हाताने. म्हणाले, अहवाल तंतोतंत पटला, पुढच्या शुक्रवारी ऑर्डर निघेल. विचारलं, साहेब नसताना सगळं निभावतं का? म्हटलं, निभावतंच आहे. म्हणाले, तेच तर.

वक्त्याबद्दल मी घाईने मत बनवलं होतं. बूटही तसे वाईट नव्हते. दोन नवे शर्ट घेतले.

२८, शुक्रवार, सकाळी

आज ऑर्डर. पाचच्या ठोक्याचं सांत्वन कसं करायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. धीराने घे, एक दार बंद झालं की वगैरे. ही स्वयंपाकघरातून ओरडली, दूध उतू जातंय.

२८, संध्याकाळी

ऑर्डर फलकावर लागली. 'स्टोअर कारकुनांच्या उत्कृष्ट अहवालानुसार विभागातील एक जागा कमी करण्यात येत आहे. एकतीस तारखेस रिकामी होणारी साहेबांची जागा भरली जाणार नाही. त्यांचे काम सध्याप्रमाणेच चालू राहील.'

सध्याप्रमाणे म्हणजे मी.

धावत मॅनेजरांकडे गेलो. म्हणाले, महिनाभर एकही पंप अडला नाही, श्रेय तुमचंच. मी चाचरत म्हटलं, जागा दुसरी कमी करायची होती. म्हणाले, त्याला घालवलं तर तुमच्या चिठ्ठ्या कोण करणार? मला प्रशस्तिपत्रक मिळणार आहे. पगार तोच.

पाचचा ठोका फलकासमोर उभा होता. कागद दोनदा वाचला. अहवालातली 'एक जागा' कुणाची, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. मला म्हणाला, अक्षर छान काढलं असशील ना रे?

लाज वाटली. ह्या वहीत असलं काही लिहायचं नव्हतं, पण वाटली.

१, मंगळवार

वक्ता खोटा आहे हे सिद्ध करायचं होतं, झालं. प्रयोग यशस्वी.

सकाळी केबिन मोडली. खुर्ची मात्र खरंच चालली. ट्रॉलीवरून, शिबिराच्या हॉलकडे. पुढच्या आठवड्यात वक्ता परत येतोय, त्याला बसायला हातांची खुर्ची लागते.

ठरवलं, आजपासून फक्त कारकुनासारखं वागायचं. पाचला डबा पिशवीत टाकून पाचच्या ठोक्याच्या मागोमाग उठलो. दारात मॅनेजर. म्हणाले, महिन्याचा साठ्याचा तक्ता राहिलाय, साहेबांचा.

पाचच्या ठोक्याने मागे वळून पाहिलं. दार ओढून घेऊ का, एवढंच विचारलं, आणि गेला.

आता साडेसहा. माझ्या जुन्या स्टुलावर बसून तक्ता भरतोय. टेबलावर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. आज त्यातल्या एकीलाही कुणी हात लावलेला नाही.