व्याह्यांनी दिलेल्या माशांचं नवं घर

अमळनेर,
जुलैचा दुसरा रविवार

आदरणीय यादवराव,

रविंद्रचा आणि आमच्या घरातल्या सगळ्यांचा सप्रेम जय भीम. तुमचा डावा गुडघा, विहीणबाईंचा नवा चष्मा आणि प्रशीलरावांची नवी गाडी या तिघांचीही तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. (गाडी रिव्हर्स घेताना खांबाला लागली असं आमच्या लेकीने, मित्राने, फोनवर सांगितलं. चूक खांबाचीच असणार असं आमच्याकडे सर्वांचं मत पडलं. जावईबापूंना तसं जरूर कळवा.) आम्ही दोघं इकडे मजेत आहोत. मी तर गेले दोन महिने इतका मजेत आहे की सविता म्हणते, रिटायर झालात तेव्हा एवढे खूश नव्हतात.

मागच्या महिन्यात फॅमिली ग्रुपवर आमच्या हॉलचा एक फोटो आला आणि तो पाहून तुम्ही ताबडतोब फोन केलात. लोखंडी चौकटीवर आठ माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली पाहून, "रविंद्रराव, उपोषणाला बसलात का? मागणी काय आहे?" असं तुम्ही काळजीने विचारलंत. मी सांगायला सुरुवात केली आणि नेटवर्क गेलं. पुन्हा लागला तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात. ती हकीकत फोनवर मावणारी नव्हतीच, म्हणून आज कागद घेऊन बसलो आहे. मूळ विषय तुम्हीच दिलेल्या माशांचा आहे, तेव्हा तुम्हाला सगळं कळायलाच हवं.

दीड वर्षापूर्वी आमच्या गृहप्रवेशाला तुम्ही तो छोटा फिशटँक आणि त्यात अंगठ्याएवढे दोन मासे घेऊन आलात, तो दिवस आम्ही कुणी विसरलेलो नाही. मुलांच्या लग्नात आभार मानणाऱ्या माणसाने माइकवर नेमकं तुमचंच नाव गाळलं, तुम्ही न जेवता गाडीत जाऊन बसलात, आणि पुढे कितीतरी दिवस दोन्ही घरांमध्ये मित्रा एकटीच फोन फिरवत राहिली. (हा विषय मी काढत नाही. फक्त तारखेचा अंदाज यावा म्हणून लिहिलं.) त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा आमच्या उंबऱ्यात आलात ते मांडीवर काचेची पेटी सांभाळत, धुळ्यापासून एस.टी.ने, आणि अर्ध्याअधिक पाण्याने तुमचा पायजमा भिजलेला. त्या दिवशी मित्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, हे तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा या माशांना आमच्या घरात काय मान आहे, ते मी वेगळं सांगत नाही.

दुकानदाराने तुम्हाला सांगितलं होतं, "हे वाढत नाहीत, शोपीस आहेत." दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याच्या दुकानात वाढत नसतील. आमच्याकडे मात्र ते असे वाढले की एकाला वळायचं असेल तर दुसऱ्याने आधी मागे सरकायचं, अशी पाळी आली. ऑस्कर नावाची ही जात वीतभर सहज होते, हे मला फार उशिरा कळलं. मित्राने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना डब्यात भरलंय." त्याच दिवशी ठरलं, चार फुटी टँक घ्यायचा. आणि काय सांगू यादवराव, नोकरीत सगळं आयुष्य दुसऱ्यांनी बनवलेला माल तपासण्यात गेलं, पण स्वतःसाठी एवढी यंत्रसामग्री निवडायची संधी मला पहिल्यांदाच मिळत होती. रात्रभर झोप लागली नाही.

जळगावला जीवरामशेठचं माशांचं मोठं दुकान आहे. सविताही बरोबर आली. (मी एकटा गेलो तर दुकानच उचलून आणीन, असं तिचं म्हणणं.) आधी फिल्टर. जुन्या टँकचा फिल्टर एवढा गुरगुरायचा की आलेला प्रत्येक पाहुणा, "वहिनी, मोरीचा नळ चालू राहिलाय," म्हणून उठायचा. जीवरामशेठने तीन प्रकारचे फिल्टर पाण्यात लावून दाखवले. एक आत बुडवायचा, एक काठावर टांगायचा, आणि एक झाकणाच्या बादलीसारखा, तो टँकच्या खाली कपाटात राहतो आणि नळ्यांनी पाणी ओढून, गाळून वर पाठवतो. मी प्रत्येकाचा ताशी किती लिटर, आत स्पंज किती, हमी किती वर्षांची, असं विचारत होतो. तेवढ्यात सविता खाली वाकली आणि तिने एकेका फिल्टरला कान लावला. डॉक्टर छाती तपासतात तसा. दुकानातली गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत उभी राहिली. शेवटी ती उठली आणि बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बोलत नाही. हाच घ्या." जीवरामशेठ म्हणाले की ऑस्कर खातातही फार आणि घाणही फार करतात, त्यांना हाच लागतो. मी मात्र तीन पानं माहिती उतरवून बसलो होतो.

मग लाइट. मला रिमोटवर रंग बदलणारा आवडला होता. निळा, जांभळा, मध्येच लाल. सविता म्हणाली, "मासे ठेवायचेत की ऑर्केस्ट्रा?" साधा पांढरा घेतला. झाकण जड घेतलं, कारण हे मासे उडी मारतात. लाइट गेली तर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप घेतला. (घरी आल्यावर तो तपासायला मी मेन स्विच बंद केला. पंप एकदम झकास चालू झाला. सविताचा मिक्सर बंद पडला, त्यात शेंगदाण्याची चटणी अर्धवट होती, आणि पुढचं मी लिहीत नाही.) शेवटी जीवरामशेठनी हीटर काढला. मे महिना होता, यादवराव. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. सविता इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पण मला तुमच्या धुळ्याची थंडी आठवली. जानेवारीत पहाटे तुमच्या अंगणात माझे दात वाजले होते ते अजून वाजतात. आमच्याकडेही थंडी काही कमी नसते, आणि हे मासे गरम देशातले. हीटर घेतला.

परतीच्या बसमध्ये बाकी सामान खाली ठेवलं, हीटरचा खोका मात्र काच म्हणून मांडीवर. शेजारी एक आबा बसले होते, टोपीने वारा घेत. बराच वेळ खोक्याकडे बघून त्यांनी विचारलं, "भाऊ, हाई काय शे?"

"हीटर."

"कोनासाठे?"

"माशांसाठी."

आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. थोड्या वेळाने मागची जागा रिकामी झाली, तिथे जाऊन बसले.

आता तुमच्या फोटोकडे येतो. पाणी, दगड आणि काच मिळून या टँकचं वजन एका भरल्या म्हशीच्या आसपास जातं. म्हणून स्टँड लोखंडी हवा. आमच्या गल्लीच्या टोकाला अमृत वेल्डर आहे, त्याने स्टँड सुरेख बनवला. पण वरणगावच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात झालेली. चाचणीशिवाय वस्तू वापरात आणायची, हे माझ्या हातून होणं शक्य नाही. अमृतला राग आला. तो म्हणाला, "काका, माझ्या गेटवर अख्खी वरात चढली होती, गेट हललं नाही." मी म्हटलं, वरात उतरते, पाणी उतरत नाही. मग शेजारचे झुलालभाऊ, त्यांचे भाऊ, खुद्द अमृत, असे धडधाकट आठ जण जमवले, स्टँडवर फळी टाकली आणि सगळ्यांना दाटीवाटीने बसवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, अशी सूचना दिली. मी खाली पालथा पडून बॅटरीने पाय तपासत होतो, म्हणून फोटोत दिसत नाही. सविताने फोटो काढला, खाली काहीतरी लिहिणार तेवढ्यात चहा उतू गेला, आणि फोटो तसाच तुम्हा सगळ्यांना पोहोचला. स्टँड सुताएवढाही वाकला नाही. माणसं मात्र दुसरा चहा झाल्याशिवाय उठेनात.

टँक आला, बसला, भरला. नळाला पाणी आलं त्या दिवशी आधी पिंपं भरली, एक दिवस उघडी ठेवली आणि मग ते पाणी टँकमध्ये ओतलं. पण मासे लगेच सोडायचे नसतात, हे जीवरामशेठनी बजावून सांगितलं होतं. नव्या पाण्यात घाण पचवणारे जंतू तयार व्हावे लागतात, त्याला काही आठवडे लागतात. विरजण लावल्यासारखं जुन्या फिल्टरचा स्पंज नव्यात पिळायचा, रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि थांबायचं. त्यामुळे झालं असं की सगळी गल्ली नवा टँक बघायला येऊ लागली, आणि आमच्या टँकमध्ये पाणी. लाइट चालू, फिल्टर चालू, आत काही नाही. झुलालभाऊ रोज यायचे. खुर्ची ओढून बसायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, बठ्ठं पानीच शे ना." (मी मास्तर नाही, पण चष्म्यामुळे ते म्हणतात.) मी म्हटलं, सगळं पाणीच आहे, पण ते पिकतंय. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी घरच्या पाहुण्यांना पिकणारं पाणी दाखवायला घेऊन आले.

शेवटी पाणी तपासलं, सगळं बरोबर निघालं, आणि मासे हलवले. लहान मासा मजेत फिरू लागला. मोठा मात्र तळाशी गेला, कोपऱ्यात एका कुशीवर आडवा झाला आणि हलेना. खाद्य टाकलं, बघेना. यादवराव, खरं सांगतो, त्या क्षणी मला माशाच्या आधी तुम्ही दिसलात. धुळ्याला काय तोंड दाखवू? मांडीवर सांभाळून आणलेली वस्तू या माणसाने दोन महिने यंत्रं जमवून मारली, असंच म्हणाल ना? मित्राला कळवायची हिंमत होईना. जीवरामशेठना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मेला नाही तो. रुसलाय. ऑस्कर फार मानी. न विचारता जागा बदलली की आडवा पडून राहतो. त्याच्याकडे बघू नका."

बघू नका म्हणणं सोपं आहे. मी दर थोड्या वेळाने काचेला नाक लावत होतो. शेवटी सविताने टँकवर जुनी साडी टाकली आणि मला हॉलमधून बाहेर काढलं. "रुसलेल्याच्या डोक्यावर उभं राहिलं की तो जास्त रुसतो," एवढंच म्हणाली आणि टँककडे पाठ करून मेथी निवडत बसली. दुसरा दिवसही तसाच गेला. मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी ती हाक मारत आली, मी पळत गेलो, तर तिने साडीचा पदर सरकवला होता आणि मोठा मासा अगदी वर, काचेशी, माझ्याकडे बघत होता. मी दाणा धरला. त्याने तो बोटांतून असा खट्‌कन घेतला की मी ओरडलोच. मित्राला फोन लावला, ती ऑफिसात मीटिंगमध्ये होती. हळू आवाजात "बाबा, नंतर" म्हणाली, आणि मग न राहवून मोठ्याने, "उठला का?" (सविताने तिला सगळं आधीच कळवलं होतं.) मागून तिच्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी विचारलेलं मला ऐकू आलं, कोण उठला.

आता दोघंही चार फुटांत ऐसपैस फिरतात. सगळी प्लास्टिकची झाडं उपटून त्यांनी एका बाजूला ढीग घातला आहे, पण त्यांचं घर आहे. फिल्टरचा आवाज इतका येत नाही की मीच अधूनमधून कान लावून खात्री करतो. विहीणबाईंना आमचा जय भीम, प्रशीलरावांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

आपला,
रविंद्र

ता. क. एक राहिलं. डिसेंबरात गावच्या मंडळींबरोबर आम्ही दोघांनी बुद्धगयेला जायचं ठरवलं आहे, नावं देऊन झाली. माशांना सोडून जायचं म्हटलं तर माझा विश्वास कुणावर बसेना. झुलालभाऊ तयार आहेत, पण ते त्यांना शेव घालतील. तेव्हा तुम्ही आणि विहीणबाई तेवढे दिवस आमच्याकडे राहायला याल का? खोली वरची नाही, खालची देतो, गुडघ्यासाठी. सूचना अशा फार नाहीत. दोनदा खाद्य, आणि हीटरचा लाल दिवा लागतो की नाही ते बघणं. खरं तर एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. दुसरा. यादवभाऊ, सविताचा जय भीम. यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं म्हणून लिहिते. तुम्ही नक्की या, मी वाट बघते. पण आल्यावर झुलालभाऊंच्या तोंडून कळण्यापेक्षा आधीच सांगून ठेवते. ज्या मोठ्या माशाचं इतकं लिहिलंय, त्याचं नाव आमच्या घरात पहिल्या दिवसापासून 'यादवराव' आहे. तो रुसला होता ते तीन दिवस हे साडीखाली तोंड घालून, "यादवराव, झालं गेलं सोडा, दोन घास खाऊन घ्या," असंच म्हणत होते. अख्ख्या गल्लीने ऐकलंय. तेव्हा आमच्याकडे कुणी यादवरावांना जेवायला उठवलं, तर तुम्हीही उठा. पान तुमचंही मांडलेलं असेल.