गाडीतली मागची जागा

डुमस, १२ मे १९३६

प्रिय अक्कास, धाकट्या सुंदरचा वाकून नमस्कार.

मी, हे आणि उखा गाडीवान सुखरूप पोहोचलो. छपराच्या बैलगाडीतच बिऱ्हाड मांडलं आहे. दुपारी सुरूच्या सावलीत झोपायचं, संध्याकाळी पाण्यात पाय सोडायचे, दुसरं काम नाही. मिशनच्या शाळेत सिस्टर दाखवायच्या त्या चित्रातला समुद्र निळा होता, हा मातकट आहे. माझा गुडघा वाळूत कमी दुखतो, काळजी करू नकोस.

पहिल्या दिवशी उखाने तापीवर नेतो तसे बैल सरळ समुद्रावर पाण्याला नेले. त्यांनी तोंड लावलं आणि माना फिरवल्या. उखा म्हणतो, “बाई, इतलं पानी शे, अन् एक घोट पिवाले नही.” हे पोट धरून हसले. मला मात्र तुझं भरलं घर आठवलं. भाऊजी गेल्यापासून दीड वर्ष तू उंबरा ओलांडलेला नाहीस. नीट जेवतेस ना?

सारंगखेड्याच्या जत्रेला जाताना गाडीतली मागची, पाय सोडून बसायची जागा तू नेहमी मला द्यायचीस. आता तिथे तू बस. विधवेला कसली हवापालट, असं तुझ्या सासूबाई म्हणतील. त्यांना सांग, धाकटीचा गुडघा दुखतो, तेल चोळायला बोलावलं आहे.

आपला भाऊ नथ्थू शनिवारी नंदुरबारहून सुरतेच्या आगगाडीत बसणार आहे. त्याच्याबरोबर ये. तो एकटा उतरला तर त्याला जेवायला वाढणार नाही, असं त्यालाही कळवलं आहे.

तुझी वाट पाहणारी,
सुंदर