त्यांची कुंडी, माझी कुंडी

४ ऑगस्ट
…आणि ते मातीचं बोट पुसायचे नेमकं माझ्या धुतलेल्या फडक्याला. रोज सकाळी हेच. मी भांडी विसळून पालथी घालतेय, एक डोळा शेगडीवरच्या दुधावर, आणि हे गॅलरीत, चहाचा कप कठड्यावर ठेवून, लॅव्हेंडरच्या कुंडीत दोन पेरं बोट खुपसून उभे. पाणी घालायचंच नाही. अजून ओल आहे म्हणायचे आणि बोट फडक्याला. मी म्हणायचे, हे झाड पाळणं नव्हे, पाहुण्याला उपाशी ठेवणं आहे.

हे गेले त्याला वर्ष होत आलं. कुंडी तशीच पडून आहे. आजपासून तिची जबाबदारी माझी. नळाजवळ माझा पुदिना आहेच, तो जांभळ्या तुऱ्यांनी भरलाय. एक सांभाळते तसं दुसरं. झाड ते झाड.

माझं म्हणाल तर मी सावरलेली आहे.

६ ऑगस्ट
लॅव्हेंडरची फुलं वाळली होती. हे दरवर्षी या दिवसांत कापायचे, पण नुसती टोकं कुरतडल्यासारखी. भित्रा हात. मी पुदिना मातीसरसा कापते, तो दुपटीने येतो. आज दोन्ही कापले. कोणावर अन्याय नको. लॅव्हेंडरचं करडं लाकूड तेवढं उरलं, चार बोटं. नीटनेटकं दिसतं.

कात्री दुकानातली. मी शिंप्याच्या दुकानात आल्टरेशनचं काम करते. मास्तरांनी विचारलं, कात्रीला वास कसला? मी म्हटलं, स्वच्छतेचा.

१० ऑगस्ट
वाचनालयातून पुस्तक आणलं. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन मी पुड्यांच्या कागदांवर केलं, त्यामुळे पुस्तकाला घाबरत नाही. यात दोघांची शेजारी शेजारी तुलना आहे. पुदिन्याला पाणी, अर्धी सावली, सकस माती. लॅव्हेंडरला कडक ऊन, रेताड माती, आणि पाणी विसरणारा मालक. छाटणीचं प्रकरण वाचलं नाही. छाटणी झालेली आहे.

लेखकाच्या घरातलं कोणी गेलेलं नसावं. अशा वेळी चार घास जास्तच घालावे लागतात. पुदिन्याच्या कुंडीतली काळीभोर माती दोन मुठी उपसून त्यांच्या कुंडीत घातली. थोड्या मुळ्या होत्या, त्याही घातल्या. खतच होईल. मग तांब्याभर पाणी.

११ ऑगस्ट
खालच्या मजल्यावरचे काका वर आले. म्हणाले, तुमच्या बागेचा पाऊस माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर पडतो. मी म्हटलं, चादर आत घ्या.

१७ ऑगस्ट
धाकट्या नणंदेचा फोन. पहिलं वाक्य, दादाचं झाड कसं आहे. भरभरून आलंय म्हटलं. ती पुढच्या महिन्यात येणार, दोन दिवस राहणार, आणि जाताना त्याची एक फांदी नेणार. हे झाड सासूबाईंच्या अंगणातल्या फांदीपासून लावलेलं. त्या अंगणावर आता गाड्या उभ्या राहतात. म्हणजे आता ते फक्त माझ्याकडे. फोनवर ती थोडी रडली. मी दूध बघायला गेले.

२० ऑगस्ट
काड्यांवर काही नाही. विश्रांती घेतंय. पुदिना मात्र वीतभर झाला. त्याचा स्वभावच उतावळा.

२४ ऑगस्ट
एका गिऱ्हाइकाची पँट आखूड झाली. मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, लांब राहिलं तर पुन्हा कापता येतं, आखूड कापलेलं कापड वाढत नाही. रोज तेच तेच बोलतात. चूक गिऱ्हाइकाची, तो फार उंच आहे.

संध्याकाळी लॅव्हेंडरला पाणी. पुस्तकात म्हटलंय, शंका आली तर नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत. नखं कालच कापली.

३० ऑगस्ट
नखं वाढली आहेत. पण झोपलेल्याला उगाच कशाला उठवायचं?

नणंदेला खरं काय ते सांगून टाकायचं ठरवलं. फोन लागला नाही. एकदाच लावला.

५ सप्टेंबर
फुटलं! काड्यांच्या बुंध्याशी, मातीतून, हिरवे कोंब. मला ठाऊक होतं. पुस्तक मुदतीआधी परत केलं आणि वाचनालयातल्या बाईंना सांगितलं की यात चुका आहेत. त्यांनी कोणत्या पानावर विचारलं. मी म्हटलं, बऱ्याच पानांवर.

९ सप्टेंबर
कोंब जोरात. पानं यांच्या वेळी सुईसारखी असायची, आता रुंद आहेत, कडेला दाते. खतपाण्याचा गुण. माझ्या हाताखाली अंग धरलंय. वास घेतला नाही. सर्दी आहे.

१२ सप्टेंबर
नणंदेला फोन करून सांगितलं, फांदी खुशाल ने, दोन ने. ती म्हणाली, वहिनी, तू होतीस म्हणून टिकलं.

त्यांच्या शर्टांच्या कप्प्यात मागच्या वर्षीच्या फुलांची जुडी आहे. कप्पा उघडला नाही. काढायचं काहीच नव्हतं.

१९ सप्टेंबर
नणंद आली. चपला काढल्या न काढल्या, थेट गॅलरीत. मी चहा टाकला. आतून दिसत होतं. ती वाकली, त्यांच्यासारखंच कुंडीत दोन पेरं बोट खुपसलं. एक पान खुडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. वास स्वयंपाकघरापर्यंत आला. सर्दी असूनही आला. पुदिना.

ती तिथेच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मी कपबश्या पुसल्या. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या.

मग तिने करड्या काड्यांवर नख ओढलं. आत आली, बोट माझ्या फडक्याला पुसलं आणि चहा घेतला. साखर कमी आहे म्हणाली.

२० सप्टेंबर
तिची गाडी दुपारची. निघताना तिने स्वतःच एक फांदी मुळासकट उपटली, ओल्या कागदात गुंडाळली. मी म्हटलं, फार पाणी घालू नकोस, तुझ्या दादाला चालायचं नाही.

ती म्हणाली, "याला लागेल, वहिनी. रोज लागेल."

जिन्यात पिशवी खाली ठेवून तिने मला मिठी मारली. पिशवीचा पुदिन्याचा वास येत होता. मी म्हटलं, पोचलीस की फोन कर.

२१ सप्टेंबर
सकाळी भांडी विसळून पालथी घातली. करड्या काड्या उपटल्या, त्या लगेच निघाल्या. त्यांची कुंडी उन्हातून उचलून नळाजवळ माझ्या कुंडीशेजारी ठेवली आणि दोन्हींना सारखं पाणी घातलं.