यशोदेची लेक

१८ डिसेंबर १९७३
अंजनाचं बाळ मेलेलंच जन्मलं. मुलगी. नवरा आकाराम फौजेत, तिकडं जम्मूला. सोबत सासू, चंद्राबाई. त्या एवढंच म्हणाल्या, "झालं त्ये झालं." अंजना भिंतीकडं तोंड करून पडली आहे. रडलीसुद्धा नाही.

१९ डिसेंबर
ऊसतोडीच्या तळावरून गाडीत घालून एक बाई आणली. बैलांच्या दावणीशीच बाळंत झालेली. रक्त थांबेना. आमच्या दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. मुलगी मात्र जिवंत — आणि काय आवाज!
बाप पायरीवर बसून होता. "आदीचीच दोन हायेत, बाई. टोळी फलटणकडं निघाली. हिला कशावर जगवू?" डॉक्टरीणबाईंनी पोर ठेवून घेतली.
वाटी-चमच्यानं दूध पाजते आहे. अर्धं ओघळतं.

२१ डिसेंबर
नाताळच्या आधी बायकांच्या वॉर्डात येशूजन्माची गोष्ट सांगायची, हे दरवर्षी माझ्याकडंच. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणजे अर्धी कथेकरीण!
हेरोद राजापर्यंत आले. आपल्याहून मोठा राजा जन्मला म्हणून त्यानं गावची सगळी तान्ही मुलं मारायचा हुकूम दिला— चंद्राबाई ताडकन उठून बसल्या. "आवं, ह्यो तर आमचा कंस!"
वॉर्ड हसला. मग गोष्ट त्यांनीच हातात घेतली. मेंढपाळ म्हणजे गवळी. मरिया-योसेफ बाळाला घेऊन मिसर देशाला पळाले, तशी वसुदेवानं यमुना ओलांडली. मीही हसत होते.
आमच्या चर्चचे पाळकसाहेब दारात उभे! नंतर म्हणाले, "विनोदिनीबाई, खिचडी करू नका."
"साहेब, पण आधीची गोष्ट कुठली? त्यांची की आपली?"
"त्यांची कथा. आपला इतिहास." मग म्हणाले — "माझी आजी मात्र ख्रिस्ती झाल्यावरही कृष्णाचा पाळणा म्हणायची. दुसरा येतच नव्हता तिला." आणि स्वतःच हसले. भला माणूस.

२२ डिसेंबर
डोक्यातून जात नाही. कर्ण पेटीत, आमच्या शास्त्रातला मोशे पेटाऱ्यात, दोघेही नदीवर सोडलेले. कुमारी कुंती, कुमारी मरिया. कुणी कुणाचं ऐकून सांगितलं? की आईबापांची भीतीच सगळीकडं सारखी?
माझा विश्वास डळमळला का? तपासून पाहिलं. नाही.

२३ डिसेंबर
अंजना बोलली! डोळे भिंतीकडंच. "बाई, यशोदेच्या लेकीचं काय वो?"
"कुठल्या लेकीचं?"
"किस्नाला ठेवून तिची लेक उचलून न्हेली की. कंसानं तीच आपटायला घेतली."
"आगं, ती देवी झाली, आभाळात गेली," चंद्राबाई म्हणाल्या.
"देवी झाली. पर आईच्या मांडीवर न्हाई आली. समदी किस्नाचा पाळणा हालिवत्यात. तिच्यासाटी कोन रडलं?"
मला आठवलं — आमच्या शास्त्रात, हेरोदानं मारलेल्या मुलांपाशीच, राहेल नावाच्या आईचं रडणं आहे. लेकरं गेली म्हणून रडते, समजूत घालून घेत नाही. तेवढं वाचून दाखवलं.
"मंजी तुमच्यात ल्हिवलंय व्हय?"
आणि रडली. पहिल्यांदाच, हमसून हमसून. चोळी दुधानं भिजलेली. तेवढ्यात कोपऱ्यातली पोर ओरडायला लागली. अंजनानं हात पुढं केले. "आना हिकडं."
पोर पोटभर प्याली.

२४ डिसेंबर
चंद्राबाई तापल्या आहेत. "पाजायचं तर पाज. घरी न्ह्यायचं नाव काडू नगंस. कुनाची कोन, जात न्हाई ठावं! भावकी काय म्हनंल?" अंजना ऐकून घेते आणि पोरीला आणखी घट्ट धरते.
नाहीच नेली, तर मी ठेवून घेऊ का? लग्न केलं नाही, क्वार्टरमध्ये एकटी. असं मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली — मी अंजनाच्या हरण्याची वाट बघते आहे!

२५ डिसेंबर
उरलेली गोष्ट सांगितली. योसेफाची, मरियेच्या होणाऱ्या नवऱ्याची. मूल त्याचं नव्हतं. लोक काय म्हणतील याची त्यालाही भीती होतीच. तरी मरियेला घरी आणलं, मुलाला नाव दिलं, सुतारकीवर वाढवलं.
"नंदानं तरी काय येगळं केलं?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या.
चंद्राबाई हसल्या नाहीत. उठून बाहेर गेल्या. पाळकसाहेब करंज्या घेऊन आले होते. ताटली घेऊन त्यांच्यामागं गेले, आणि तशीच परत आणली. "एकटं बसू द्या त्यांना," म्हणाले. खिचडीबद्दल अवाक्षर नाही!

२७ डिसेंबर
अंजनाला आज घरी सोडलं. ती आवरत होती तेवढ्यात चंद्राबाईंनी मला व्हरांड्यात ओढलं. "बाई, सुनंला सांगू नगा. आकाराम माज्या पोटचा न्हाई. पटकीच्या साथीत त्याची आई गेली, माजं तानं गेलं. जात इचारून पदराखाली घेतला नव्हता. त्याला अजून ठावं न्हाई."
मग डोळे पुसले. "वारं लय हाय भाईर. पोरीला टोपरं हाय का एखादं?"